सगळे खाली आहेत

'खाली' हा शब्द आमच्या बुऱ्हाणपुरात उठताबसता कानावर येतो, आणि दोन्ही अर्थांनी येतो. डबा खाली झाला म्हणजे रिकामा झाला. पोरगी खाली गेली म्हणजे जिना उतरून गेली. "डबा खाली झाला, खाली ठेव" असं आम्ही एका दमात बोलतो आणि ऐकणारा बरोबर डबा जमिनीवर ठेवतो, कुणाचा गोंधळ होत नाही. पुण्याची माझी सून हे ऐकून पहिल्यांदा खो खो हसली. मी म्हटलं, हस बाई, पण ह्या एका शब्दापायी आमचं राहतं घर सरकारनं ताब्यात घेतलं होतं. तिला वाटलं मी तिखटमीठ लावतेय. माझा तसा लौकिक आहे, नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट मी झाली तशीच सांगणार आहे.

घर आत्याचं होतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. तिला फोपनारला दिली होती, केळीच्या मळेवाल्यांकडे. नवरा तरुणपणीच गेला. दिरांनी एका कागदावर तिची सही घेतली. शेतसारा भरायचाय, त्याच्यापुरती, असं सांगून. कागदात लिहिलं होतं की शेतातला वाटा मी माझ्या खुशीनं सोडते. खुशीनं म्हणे! आजोबा जाऊन तिला घेऊन आले आणि राजपुऱ्यातलं हे लहानसं घर त्यांनी तिच्या एकटीच्या नावावर करून दिलं. अण्णा शाळेत मास्तर, आम्ही तिच्याकडे राहायचो, ती आमच्याकडे नाही. ह्याची आठवण ती अधूनमधून सगळ्यांना करून द्यायची.

आमची गल्ली उतारावर. त्यामुळे रस्त्यावरच्या दारातून आत आलं की तुम्ही वरच्या घरात यायचात, दोन खोल्या आणि रस्त्याकडे तोंड केलेल्या तीन मोठ्या खिडक्या. तिथून दगडी जिना उतरला की खालची लांबट खोली, तिचं दार मागच्या बोळात उघडायचं. वर उजेड भरपूर. त्या उजेडात आत्याचा शिवणाचा वर्ग चालायचा. एक पायमशीन, एक हातमशीन, आणि राजपुऱ्यातल्या, सिंधीपुऱ्यातल्या सात-आठ पोरी. मीही त्यांतलीच. काज करताना माझा टाका वाकडा गेला की आत्या पट्टीनं बोटावर टक्कन मारायची आणि म्हणायची, "हे काज आहे का उंदराचं बीळ?" त्या वर्गाच्या फीवर ती ताठ मानेनं जगत होती. भावाच्या ताटातलं जेवते असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि ह्याचाच तिला सगळ्यात मोठा अभिमान होता.

वैशाख लागला की मात्र वर बसणं अशक्य. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगणार. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. मग वर्गाला सुट्टी, आणि आम्ही सगळं घर उचलून खाली न्यायचो. चूल, माठ, अंथरुणं, देव, दोन्ही मशिनी, सगळं. वरच्या खोल्या झाडून, खिडक्या लावून तशाच ठेवायच्या. मृगाचे ढग दिसले की पुन्हा वर. आमच्या गल्लीत बहुतेकांची हीच रीत होती.

तर त्या वर्षी नवं राज्य झालेलं. नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली. कचेरीत कालपर्यंत मराठीत बोलणारे लोक बदली होऊन वऱ्हाडात गेले आणि त्यांच्या जागी सागर, रीवा, कुठकुठले लोक आले. ती माणसं वाईट नव्हती, पण त्यांना राहायला घरं हवी होती, आणि गावात घरं नव्हती. तेव्हा कायदा असा होता की एखादं घर रिकामं पडून असलं तर सरकारनं ते आपल्या अधिकाऱ्यासाठी ताब्यात घ्यावं, मालकाला भाडं द्यावं. मालकाची इच्छा असो नसो. मग कचेरीचे कारकून गल्लोगल्ली रिकामी घरं शोधत हिंडायला लागले.

आमच्या दारी आलेला कारकून सागरकडचा, नवाकोरा, भर दुपारी डोक्यावर ओला रुमाल घेऊन आलेला. आम्ही सगळे खाली होतो. आत्या तेवढी वर झाडायला गेलेली, पदर खोचलेला, हातात केरसुणी. कडी वाजली म्हणून तिनं दार उघडलं. त्यानं विचारलं, घर में कौन-कौन है? आत्या म्हणाली, "सगळे खाली आहेत."

त्यानं मान आत घालून बघितलं. चूल नाही, माठ नाही, दोरीवर कपडा नाही. त्यानं विचारलं, पूरा? आत्या म्हणाली, सगळं खाली आहे, उन्हाळाभर खालीच असतं. त्यानं तिला घराची राखण करणारी बाई समजून पाणी मागितलं. तिनं खाली येऊन माठातलं थंड पाणी नेऊन दिलं, वर गुळाचा खडा दिला. तो दुवा देत गेला. खाली येऊन ती आईला म्हणाली, पोरगं गुणी आहे, उन्हाचं हिंडतंय बिचारं.

आठवडाभरानं दारावर कागद चिकटला. हिंदीतला. आत्यानं तो मोठ्यानं वाचला. मकान खाली पाया गया. ती हसायलाच लागली. म्हणाली, "घर कसं खाली सापडेल रे? घर तर रस्त्यावर आहे, माणसं खाली आहेत." अण्णा हसले नाहीत. त्यांनी पुढचं वाचलं. हे घर रिकामं असल्याचं तिथल्या बाईनं स्वतः सांगितलं, सबब ते एका साहेबाच्या राहण्यासाठी घेण्यात येत आहे, किल्ली कचेरीत द्यावी. आत्याचं हसू तिथंच आटलं. तिनं अण्णांकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि तो हलक्या हातानं सोडवून घडी घालून कमरेला खोचला.

अण्णा दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन आले. त्यांना वाटलं होतं सांगितलं की संपलं. हेडक्लार्क म्हणाला, गुरुजी, साधी गोष्ट आहे. बाईंनी लिहून द्यावं की मी चुकून खोटी माहिती दिली, माफी असावी. साहेब हुकूम मागे घेतील. अण्णा वाटेतच तो मजकूर मनात जुळवत आले. घरी येऊन त्यांनी सुबक अक्षरात लिहून काढला, तिच्यासमोर ठेवला आणि दौत सरकवली.

आत्यानं वाचला. मग विचारलं, "मी खोटं बोलले का?"

अण्णा म्हणाले, अक्का, तसं नाही, पण तू 'नीचे' म्हणायला पाहिजे होतंस. तुला हिंदी येत नाही का? बांगडीवाल्याशी तर तासन्‌तास घासाघीस करतेस. ती म्हणाली, बांगडीवाल्याच्या दुकानात मी गरजेनं जाते, हा माझ्या दारात आला होता. माझ्या दारात मी माझ्या भाषेत बोलले आणि खरं बोलले. अण्णा म्हणाले, एका सहीचा तर प्रश्न आहे. हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं.

"एका सहीत माझं शेत गेलं," आत्या म्हणाली. "दुसरी सही मी नसलेल्या चुकीवर करणार नाही. चूक माझी असती तर दहादा केली असती."

अण्णांनी हात टेकले. त्यांचीही अडचण मी समजू शकते. नोकरी सरकारच्या दयेवर, नवं राज्य, नवे साहेब, रोज कुणाची तरी बदली. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला त्यांचा असा राग आला की त्या रात्री मी त्यांना वाढलं नाही. आईनं वाढलं. ते मुकाट्यानं जेवले.

ताबा घ्यायला लोक आले तेव्हा ऊन रणरणत होतं. आत्यानं सकाळीच मला हाताशी धरलं आणि पायमशीन त्या जिन्यावरून वर न्यायला लावली. खटखट एकेक पायरी. माझ्या अंगठ्यावर चाक आपटलं, नख काळं पडलं, आत्या म्हणाली, "पडू दे, पुन्हा येईल." वर नेऊन तिनं मशीन बरोबर मधल्या खिडकीशी लावली आणि नुसती चालवत बसली, दोरा न ओवता. अंगाची लाही लाही होत होती. कचेरीचे लोक, दोन शिपाई, तो सागरचा कारकून, सगळे दारात येऊन उभे राहिले आणि आत मशीन चालू. कारकुनानं तिला ओळखलं. त्याचा चेहरा पडला. राखणदारीण समजलेली बाई मालकीण निघाली होती.

तिनं त्यांना विचारलं, घर रिकामं आहे ना, मग मी कोण आहे, भूत आहे का? हेडक्लार्क म्हणाला की हुकूम निघालेला आहे, आता तो वरूनच बदलू शकतो, आम्ही फक्त बजावणार. अण्णा मधे पडले, हातापाया पडले म्हणा ना, आणि एवढं झालं की सरकारनं फक्त वरच्या दोन खोल्या घेतल्या. खालची खोली आमची आम्हाला. शिपायांनी मशीन उचलून खाली ठेवली. आत्यानं त्यांना हात लावू दिला, पण मशिनीबरोबर ती स्वतः हळूहळू, कुणाच्याही आधाराशिवाय उतरली. मग वरून जिन्याच्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून नकोसा वाटतो.

वर एक साहेब आणि त्यांची बायको राहायला आली. माणसं शांत होती, त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला काही सापडत नाही. आमचा रस्ता आता मागच्या बोळातून. बारा महिने खाली. उन्हाळ्यात ती खोली स्वर्ग, पण पावसाळ्यात भिंतींना ओल आणि दिवसाढवळ्या कंदील. कंदिलात काज करता येत नाही. सुईत दोरा ओवता येत नाही. आयांनी आपापल्या पोरी काढून घेतल्या, त्यांचं तरी काय चुकलं. चौघी उरलो. आत्यानं मग वर्ग बोळात आणला. मशीन उंबऱ्याबाहेर, आम्ही पोत्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्या गाईम्हशींना वाट देत शिवायचो. पाऊस आला की सगळं उचलून पळायचं. लोक थांबून बघायचे. आत्याला तेच पाहिजे होतं. कुणी विचारलं, काय आत्याबाई, बोळात काहून? ती म्हणायची, वर माझं रिकामं घर आहे ना, त्यात माणसं मावत नाहीत.

आणि भाडं. सरकार दर महिन्याला भाडं पाठवायचं आणि आत्या ते घ्यायची नाही. भाडं घेतलं म्हणजे घर मी दिलं असं होतं, हे तिचं गणित. भाडं घेऊन यायचं काम त्या सागरच्या कारकुनाच्याच गळ्यात पडलं होतं. पहिल्यांदा तो बोळात येऊन अवघडून उभा राहिला. तिनं त्याला मराठीत असं झाडलं की त्याला निम्मं कळलं नाही, पण जे कळलं तेवढं पुरलं. तो पैसे परत घेऊन गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. पुन्हा झाडलं, आणि ह्या वेळी ताकही दिलं, कारण तो घामानं निथळत होता. असं ते चालूच राहिलं. एक महिना चुकला नाही. ती त्याच्याशी हिंदीचा एक शब्द बोलायची नाही. "मले तुझं भाडं नको. तुझ्या साहेबाले सांग." मग त्याला बसवून त्याच्या घरची विचारपूस. आई कशी आहे, डोळ्याचं काय झालं, लग्नाचं बघतात का. तो आधी मान हलवायचा, मग एकेक शब्दानं उत्तर द्यायला लागला, आणि दुसरा उन्हाळा येईतो तो पक्की मराठी बोलत होता, तीसुद्धा आत्याची. "आत्याबाई, मले काहून रागावता, मी तं हुकमाचा माणूस," असं म्हणाला तेव्हा आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून हसलो. शिव्या खाऊन भाषा शिकलेला माणूस मी तेवढाच पाहिला.

आत्याचे अर्ज चालूच होते. मराठीत लिहायची. 'हिंदीत लिहा' असा शेरा मारून ते परत यायचे. ती तोच अर्ज पुन्हा मराठीत लिहायची. अण्णा म्हणायचे, अक्का, मी हिंदी करून देतो, तुझं काम होईल. ती म्हणायची, ज्या भाषेत घर गेलं त्याच भाषेत परत येईल. अण्णा कपाळाला हात लावायचे. खरं सांगू, दुसऱ्या पावसाळ्यात मलाही वाटायला लागलं होतं की हा हट्ट आहे, नुसता हट्ट. आत्याचे डोळे कंदिलाखाली चोळून चोळून लाल व्हायचे. वर्गात आता दोघीच होतो, एक मी, आणि मी फी देत नव्हते. रात्री भाकरी खाताना ती अर्धीच खायची, भूक नाही म्हणायची. भावाच्या ताटातली नको, हे आईला कळायचं, मला कळायचं, आणि अण्णांनाही कळायचं. असा जीव तुटायचा, पण तिच्यापुढे बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

तिसऱ्या वर्षी वरच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी दुसरा येणार होता. कारकून भाडं घेऊन आला तेव्हा दबक्या आवाजात म्हणाला, आत्याबाई, नवीन मोठे साहेब आले आहेत, रीव्याकडचे, म्हातारे आहेत, लोकांचं ऐकून घेतात, दुसऱ्याला घर द्यायच्या आधी अर्ज करा. ती म्हणाली, मराठीत करीन. तो म्हणाला, मराठीतच करा, मी पोचवतो.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. अण्णा शाळेचं कारण सांगून आले नाहीत. आत्यानं घडीचं पांढरं लुगडं नेसलं होतं, आणि तो जुना कागद, दारावरचा, कमरेला होता. मोठे साहेब टेबलामागे, चष्मा नाकावर. त्यांनी हिंदीत विचारलं, माताजी, काय म्हणणं आहे? आत्या मराठीत बोलली. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. हिंदी येत नाही का, असं विचारलं. तिनं नुसता पदर सारखा केला. मी जमिनीकडे बघत राहिले, कारण मला बांगडीवाला आठवत होता. साहेबांनी हाक मारली, इथं मराठी कुणाला येतं? आणि कोपऱ्यातून तोच उठला. सागरचा.

साहेबांनी फाईल उघडली. वाचलं की बाईनं स्वतः सांगितलं, घर रिकामं आहे. आता ह्या बाई म्हणतात की त्या तिथंच राहत होत्या. मग त्या उन्हाळ्यात हे सगळं कुटुंब राहत कुठं होतं? हे त्यांनी आत्याला विचारायला सांगितलं. कारकुनानं चांगल्या मराठीत विचारलं. आत्यानं त्याच्याकडे बघितलं. तिला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मला कधी विचारता आलं नाही. ती एकच शब्द बोलली.

"खाली."

आणि तो साहेबांकडे वळून म्हणाला, "नीचे, साहब."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांना ते एक क्षण उशिरा कळलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, बाईनं शब्द कोणता वापरला? कारकून अगदी बारीक आवाजात म्हणाला की शब्द 'खाली' वापरला, आणि त्या दिवशी दारातही हाच वापरला होता, आणि तेव्हा मी नवीन होतो. साहेबांनी फाईल मिटली. ते हसले नाहीत, ह्याचं मला आजही बरं वाटतं. ते आत्याला म्हणाले, भाषेच्या गैरसमजानं हे झालं असं दोघांच्या सहीनं लिहून घेऊ. आत्या म्हणाली, मी काही गैर समजले नव्हते, ज्याचा गैरसमज झाला त्याची सही घ्या. कारकुनानं हे जसंच्या तसं हिंदी करून सांगितलं, एक अक्षर सौम्य न करता, आणि स्वतः पुढं होऊन सही केली.

घर मृगाच्या आधी परत मिळालं. जिन्याची कडी वरून निघाली. आम्ही पोरींनी मशीन वर चढवली, ह्या वेळी अण्णाही हात लावायला आले, आत्यानं नको म्हटलं नाही. खिडक्या उघडल्या. तेवढ्यात कारकून पावती घेऊन आला. ताबा मिळाल्याची मालकीणबाईंची सही हवी होती.

आत्यानं कागद हातात घेतला. अण्णांचा जीव वर-खाली होत होता, मला दिसत होतं. तिनं सावकाश वाचलं, मोठ्यानं. मकान खाली मिला. मग तिनं माझ्याकडून दौत मागितली, 'खाली' हा शब्द एका सरळ रेघेनं खोडला, वर स्वच्छ अक्षरात 'वर' असं लिहिलं, आणि सही केली. मी तिला सही करताना पहिल्यांदाच पाहत होते. पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

कारकून कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, आत्याबाई, साहेबांनी विचारलं तर काय सांगू?

मशिनीत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "सांग त्यांले, बाई आता खाली नाही."